शिकायला पाठवण्याआधी, परतल्यावरचं पद ठरवा

प्रश्न : आमच्या मंडळीतल्या संडेस्कूलच्या प्रमुख ताई गेली अकरा वर्षं हे काम पाहताहेत. त्यांना ख्रिस्ती शिक्षणातल्या नेतृत्वाचा दोन वर्षांचा अर्धवेळ डिप्लोमा करायचा आहे आणि प्रवेश मिळेल अशी लक्षणं आहेत. पंच कमिटीत मात्र दोन तट पडलेत. काहींना वाटतं मंडळीनं फी भरावी. काही म्हणतात, शिकून मोठ्या ठिकाणी निघून जातील, आधी बाँड लिहून घ्या. शिवाय दोन वर्षं संडेस्कूल बघणार कोण? ताईंच्या घरी शाळकरी मुलं आहेत, सासूबाई थकल्यात. पैसे कसे उभे करायचे, कसे द्यायचे, आणि लिहून काय घ्यायचं? – एका मंडळीचे खजिनदार

उत्तर : खजिनदारसाहेब, सलाम.

फी भरा, बाँड घेऊ नका. पण या दोन्हींच्या आधी एक काम आहे आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. ताई डिप्लोमा घेऊन आल्या की त्यांचं पद काय असेल आणि कोणते निर्णय त्या कुणाला न विचारता घेऊ शकतील, हे ठरलंय का? ठरलं नसेल तर पुढे काय होतं ते सांगतो. दोन वर्षांनी रविवारच्या उपासनेत शाल, पुष्पगुच्छ आणि टाळ्या होतात. पुढच्या रविवारी ताई त्याच खोलीत त्याच कपाटाची किल्ली शोधत असतात, आणि रंगीत कागदाचा गठ्ठा आणायचा तर सेक्रेटरींची सही मागत असतात. अशी शिकलेली बाई वर्षभरात दुसरीकडे गेली की मग तुमचे पंच म्हणतात, ‘बघा, आम्ही सांगत होतो.’ बहुतेक वेळा हे जाणं पगारासाठी नसतं. शिकलेलं वापरायला जागाच मिळत नाही म्हणून माणूस जातं.

तेव्हा पहिल्या बैठकीत पैशाचा विषय काढू नका. एक पानाचं टिपण तयार करा आणि ते इतिवृत्तात नोंदवून घ्या. इतिवृत्तात अशासाठी की दोन वर्षांत कमिटीची निवडणूक होऊन जाईल, आज माना डोलावणारे निम्मे लोक तेव्हा कमिटीत नसतील, आणि नव्यांना तोंडी शब्दाचं काही वाटणार नाही. टिपणात पदाचं नाव हवं आणि ते केव्हापासून, त्याची तारीख हवी. संडेस्कूलच्या अंदाजपत्रकातला खर्च ठरलेल्या मर्यादेपर्यंत त्यांच्या एकट्याच्या सहीनं होईल, हे वाक्य हवं. शिक्षक नेमणं, शिक्षकाला थांबवणं आणि पाठमाला निवडणं यांपैकी कशाचा शेवटचा शब्द त्यांचा आणि कशाचा पाळकसाहेबांचा, हे वेगवेगळं लिहा. ‘विचारविनिमयाने’ असा शब्द घातलात की तो निर्णय कुणाचाच राहत नाही. कमिटीत त्यांना मतासह जागा मिळणार की नुसतं निमंत्रण, हेही स्पष्ट करा. काही पंथांत स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते, काहींत नाही. काही ठिकाणी कमिटीवर बसण्यालाही मंडळीच्या घटनेची, म्हणजे लेखी नियमावलीची, आडकाठी असते. तुमची घटना आडवी येत असेल तर ते आजच ताईंना सांगा. दोन वर्षं राबवून मग घटनेवर बोट ठेवणं हा अन्याय आहे. आणि ही घटना बदलण्याची लढाई ताईंच्या खांद्यावर टाकू नका. ती लढायची असेल तर कमिटीतल्यांनी आपल्या नावावर लढावी.

आता वेळ. अर्धवेळ म्हटलं की लोकांना वाटतं शनिवारचे दोन तास. हिशोब करून पाहा. बऱ्याच संस्थांमध्ये एका श्रेयांकाला (क्रेडिटला) आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास घरचा अभ्यास धरतात, आणि एक सत्र साधारण पंधरा आठवड्यांचं असतं. म्हणजे तीन श्रेयांकांचा एक विषय घेतला की आठवड्याचे नऊ तास गेले, आणि दोन विषय घेतले की अठरा. युरोपीय पद्धतीत एका श्रेयांकाला एकूण २५ ते ३० तास धरतात आणि पूर्णवेळ वर्षाला ६० श्रेयांक असतात. त्याचं अर्धं, म्हणजे ३० श्रेयांक, चाळीस आठवड्यांत बसवले तर आठवड्याला साधारण १९ ते साडेबावीस तास होतात. कुठल्याही बाजूनं मोजलं तरी आकडा विसाच्या आसपास येतो. हे वीस तास येणार कुठून? ताईंच्या झोपेतून आणि त्यांच्या मुलांच्या वाट्यातून यायला नको असतील, तर ते मंडळीच्या कामातूनच काढावे लागतील.

एका संडेस्कूल प्रमुखाचा आठवडा कागदावर मांडला की हे दिसायला लागतं. रविवारचे तीन तास सगळ्यांना दिसतात. शनिवारी संध्याकाळी पाठाचं साहित्य कापून, मोजून, वर्गवार पिशव्यांत भरायचं असतं. न येणाऱ्या मुलांच्या घरी फोन असतात. शुक्रवारी रात्री कुणी शिक्षिका ‘रविवारी जमणार नाही’ असा निरोप पाठवते, मग बदली शोधायची. हजेरीपट, शिक्षकांची बैठक, नाताळच्या नाटकाच्या तालमी, सुट्टीतलं बायबल शिबिर. यातलं काय काढून घ्यायचं? इथे मंडळ्या नेहमी उलटं करतात. ‘ताईंना आराम’ म्हणून त्यांचा वर्ग काढून घेतात आणि हजेरीपट, पिशव्या, फोन त्यांच्याकडेच ठेवतात. करायला हवं नेमकं याच्या विरुद्ध. एक वर्ग त्यांच्याकडे राहू द्या, कारण शिकलेलं करून बघायला त्यांच्यासमोर मुलं हवीत. नेतृत्वाच्या कुठल्याही बऱ्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिक असतंच. बाकी सगळी जुळवाजुळव दुसऱ्यांकडे द्या.

त्यासाठी दोन सहायक लागतात, एक पुरत नाही. एकाकडे साहित्य आणि हजेरी, दुसऱ्याकडे शिक्षकांची पाळी आणि बदल्या. सत्र सुरू व्हायच्या तीन महिने आधी त्यांना कामाला लावा. पहिल्या महिन्यात त्यांनी बघायचं, दुसऱ्यात ताईंबरोबर करायचं, तिसऱ्यात स्वतः करायचं आणि ताईंनी फक्त शनिवारी नजर टाकायची. हे इतकं सोपं काम बिघडतं ते फोनमुळे. काम सहायकाकडे गेलेलं असतं, पण शिक्षिकांच्या बोटांना ताईंचाच नंबर पाठ असतो. म्हणून पाळीच्या वेळापत्रकावर सहायकाचा नंबर छापा आणि पाळकसाहेबांनी एकदा शिक्षकांच्या बैठकीत स्वतः सांगावं की बदलीसाठी ताईंना फोन करायचा नाही. ताईंनी सांगितलं तर ते जड जाईल, पाळकांनी सांगितलं तर नियम होतो. नाताळचं नाटक आणि सुट्टीतलं शिबिर सहामाही परीक्षेच्या किंवा निबंधाच्या तारखांवर पडतंय का, तेही आत्ताच कॅलेंडर उघडून बघा. बहुतेकदा पडतंच.

‘सगळं मीच करते, मला सवय आहे’ असं ताई म्हणतील. अकरा वर्षं एकट्यानं ओढल्यावर कुणीही म्हणेल. ऐकू नका. नेतृत्वाचं अर्धं शिक्षण तर काम दुसऱ्याच्या हातात देणं आणि ते आपल्यापेक्षा थोडं वेगळं झालं तरी गप्प राहणं हेच आहे, आणि ते प्रवेशाच्या आधीच सुरू होतंय असं समजा.

आता तुमचा खास विषय, पैसे. माहितीपत्रकात फी दिसते आणि मंडळ्या तेवढ्याचीच सोय करतात. पण शिक्षण मध्येच सुटतं ते फीबाहेरच्या खर्चापायी. निवासी शिबिरांचा प्रवास आणि जेवण, पुस्तकं, इंटरनेटचं जोडणी-भाडं, परीक्षा आणि प्रमाणपत्राचं वेगळं शुल्क, निवासी दिवसांत मुलांकडे आणि सासूबाईंकडे बघायला कुणी ठेवलं तर त्या बाईंचे पैसे, आणि ताई पगारी नोकरी करत असतील तर बिनपगारी रजेचे दिवस. हे सगळं ताईंबरोबर बसून ओळीओळीनं लिहा. ‘घरी बघायला कुणी’ ही ओळ ताई स्वतःहून लिहिणार नाहीत, ती तुम्ही लिहा. एकूण बेरजेवर दहा टक्के अनपेक्षित खर्चाचे धरा. पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च आणि दुसऱ्या वर्षाचा निम्मा हातात आल्याशिवाय प्रवेशाची फी भरू नका. दुसऱ्या वर्षी पैसा आटला की लाज ताईंना वाटते, ज्यांनी हात आखडला त्यांना वाटत नाही.

उभारणीसाठी तीन झरे बघा. एक, मंडळीच्या अंदाजपत्रकात ‘शिक्षक व सेवक प्रशिक्षण’ असं कायमचं शीर्षक. रक्कम छोटी असली तरी चालेल, पण पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला पाठवताना पुन्हा शून्यापासून सुरुवात नको. दोन, संस्थेची स्वतःची शिष्यवृत्ती किंवा तुमच्या पंथाच्या विभागीय कार्यालयाचा निधी. बऱ्याच ठिकाणी स्त्रियांसाठी वेगळी तरतूद असते आणि तिचे अर्ज प्रवेशाच्या बरेच आधी बंद होतात, म्हणून प्रवेशपत्राची वाट न बघता चौकशी करा. तीन, वैयक्तिक देणग्या. या मात्र ताईंच्या नावानं गोळा करू नका. ‘प्रशिक्षण निधी’ या नावानं घ्या, खातेवहीत वेगळं पान उघडा आणि उरलेल्या पैशांचं काय होणार ते पावतीवरच छापा. एका ठरावीक व्यक्तीसाठी दिलेली देणगी अनेक देशांच्या करनियमांत धर्मादाय धरली जात नाही, तेव्हा तुमच्या हिशोबनीसाला आधी विचारा. दुसरं कारण माणसांचं आहे. नाव लावून पैसे घेतले की प्रत्येक देणगीदार ताईंचा छोटा मालक होतो, आणि त्या नवी साडी नेसल्या तरी कुणाच्या तरी मनात हिशोब सुरू होतो.

देताना फी थेट संस्थेला, सत्रागणिक, दोन सह्यांनी. पुस्तकं बिलावर. प्रवास आणि घरचा खर्च मात्र आगाऊ, महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, ठरलेली रक्कम, बिल न मागता. ‘आधी खर्च करा, मग बिल द्या’ ही पद्धत कागदावर चोख दिसते, पण तिच्यात बाईला दर महिन्याला घरखर्चातून पैसे काढावे लागतात आणि मग तुमच्या टेबलासमोर उभं राहावं लागतं. दोन-तीनदा तसं झालं की ती मागणं सोडते आणि तुमच्या वहीत ‘शिल्लक’ दिसते. ती शिल्लक बचत समजू नका.

बाँडची गोष्ट. तो घेऊन माणूस राहतं, मन राहत नाही. शिवाय स्वयंसेवी कामाचा बाँड कायद्यानं कितपत टिकेल हा प्रश्न वेगळाच. पंच अडूनच बसले तर एवढंच मान्य करा : अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्ष सेवेची अपेक्षा, ते न जमल्यास फक्त फीचा राहिलेल्या महिन्यांच्या प्रमाणात परतावा, आणि आजारपण, बाळंतपण, घरच्यांची बदली यांना सूट. मूळ प्रमाणपत्र कपाटात अडकवून ठेवणं कदापि नको. उलट अट मंडळीवरही घाला. टिपणात लिहिलेलं पद सहा महिन्यांत दिलं नाही तर ताई मोकळ्या. ही ओळ वाचून दाखवली की बाँडचा आग्रह बराच निवळतो.

शिकून निघून जाण्याची भीती नवी नाही. १९६३ मध्ये ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या सेमिनरीनं, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेनं, विस्तारित ईश्वरविज्ञान शिक्षण सुरू केलं ते याच कारणानं. शहरात शिकायला गेलेली माणसं गावाकडे परतत नव्हती, आणि गावातले खरे पुढारी घरदार सोडून सेमिनरीत येऊ शकत नव्हते. मग त्यांनी पाठ घरी पाठवले आणि शिक्षकच ठरावीक दिवशी विद्यार्थ्यांच्या गावी जाऊ लागले. तुमच्या ताईंनी अर्धवेळ, काम सांभाळून होणारा अभ्यासक्रम निवडलाय, म्हणजे भीतीचं निम्मं उत्तर त्यांनीच देऊन ठेवलंय.

अभ्यासक्रम मात्र एकदा नीट तपासा. नावात ‘नेतृत्व’ आहे म्हणून आत ते असेलच असं नाही; कधी नुसता बायबलचा परिचय असतो, जो ताईंना अकरा वर्षांत पाठ झालाय. विषयांची यादी मागवा. शिक्षकांना प्रशिक्षण कसं द्यावं, वर्षाची पाठमाला कशी आखावी, अंदाजपत्रक, बैठक चालवणं, मतभेद हाताळणं आणि बालसुरक्षा, एवढं तरी असायला हवं. बालसुरक्षा नसेल तर तो अभ्यासक्रम कालबाह्य समजा. प्रमाणपत्राला मान्यता कुणाची आणि पुढच्या पदवीला हे श्रेयांक चालतील का, हे लेखी विचारा. प्रात्यक्षिकावर देखरेख कोण करतं, आणि मध्ये एक सत्र थांबावं लागलं तर फी बुडते का, हेही विचारा. घरी म्हातारं माणूस असताना हा शेवटचा प्रश्न नुसता औपचारिक नाही.

शिफारसपत्र तुम्हाला किंवा पाळकसाहेबांना लिहावं लागेल. ‘नम्र, प्रार्थनाशील, सर्वांशी मिळून मिसळून वागणाऱ्या’ असलं पत्र संस्थेच्या काहीच कामाचं नसतं, आणि बायकांसाठी नेमकी तसलीच पत्रं लिहिली जातात. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायातल्या पहिल्या दोन ओव्या उघडा. पौल फिबीची शिफारस करतो तेव्हा ती कुठल्या मंडळीची सेविका ते सांगतो, तिनं बहुतांना आणि खुद्द आपल्याला साहाय्य केलंय हे सांगतो, आणि तिला ज्या कामात गरज पडेल त्यात मदत करा असं मागतो. ओळख, काम, मागणी. तुमचं पत्रही तसंच असू द्या : किती शिक्षक आणि किती मुलं त्या सांभाळतात, त्यांनी कोणता बदल घडवला, त्यांना कशात मदत लागेल, आणि मंडळी काय काय देणार आहे.

घरच्यांबद्दल एकच. ताईंच्या यजमानांना पाळकसाहेबांनी परस्पर जाऊन ‘तुमची हरकत नाही ना’ असं विचारू नये. ताईंना विचारा की घरी कुणी बोलायला यावं असं वाटतं का, आणि त्या ‘हो’ म्हणाल्या तरच जा. गेलात तर वेळापत्रक आणि खर्चाचा कागद घेऊन जा.

सोबतीला एक मार्गदर्शिका लागेल. जिनं स्वतः एखादी शाळा, संस्था किंवा विभाग चालवलाय अशी, आणि शक्यतो तुमच्या मंडळीबाहेरची. पाळकीणबाई हाताशी असतात म्हणून त्यांनाच नेमू नका. ताईंना पाळकसाहेबांबद्दल तक्रार करायची असेल तर ती करणार कुणाकडे? महिन्यातून एकदा दीड तास पुरे. मार्गदर्शिकेचा प्रवासखर्च निधीतून द्या आणि त्या दोघींचं बोलणं कमिटीपर्यंत येणार नाही हे आधीच सांगून टाका.

कमिटीनं सत्राच्या शेवटी एक पान मागावं. गुण मागू नका, ते ताईंचे आहेत. काय करून बघितलं, काय अडलं, आमच्याकडून काय हवं, एवढे तीन प्रश्न पुरेत. तिसऱ्याचं उत्तर पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर यायला हवं, नाहीतर दुसऱ्या सत्रापासून ते पान कोरं येईल. अभ्यासक्रम चालू असताना ताईंना व्यासपीठावर बोलावून ‘मंडळीनं माझ्यासाठी काय काय केलं’ अशी साक्ष द्यायला लावू नका. निधी गोळा करायला ती सोयीची वाटते, पण पुढे कमिटीशी मतभेद झाला की हीच साक्ष त्यांच्या तोंडावर फेकली जाते.

सर्वात अवघड काळ पहिल्या वर्षाचं दुसरं सत्र. नवलाई ओसरलेली असते, पहिल्या निबंधाचे गुण मनासारखे नसतात, घरी कुणीतरी आजारी पडतं, आणि इकडे सहायक कंटाळलेले असतात. ताई ‘सोडते’ म्हणाल्या तर लगेच समजूत घालायला धावू नका. एक विषय कमी करता येईल का ते संस्थेला विचारा, निधीतून घरच्या मदतीचे दिवस वाढवा, आणि सहायकांनाही धरून ठेवा. त्यांनाही प्रवासखर्च द्या. १७८० मध्ये रॉबर्ट रेक्सनं इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरमध्ये मुलांसाठी रविवारची शाळा काढली तेव्हा शिकवायला नेमलेल्या बायकांना रोख पैसे दिले होते. संडेस्कूलचं काम फुकटच असावं असा काही मूळ दंडक नाही.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर या क्रमानं घ्या : पदाचं टिपण, दोन सहायकांची नावं, खर्चाचा तक्ता, आणि मग फी. त्या बैठकीला ताईंना बोलावा, आणि टिपण मंजूर होताना त्यांना बाहेर बसवू नका.